करंगळी जाईल एवढी फट

डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं लेकीला, आणि वेड लागायची पाळी आली होती माझ्यावर. ती खिडकीजवळच्या पलंगावर डाव्या कुशीवर निमूट पडून असायची. मी मात्र स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून खळ्यात, खळ्यातून परत तिच्या दारात. "आई, तू बस गो जरा. तुझ्याकडे बघून मला दम लागतो," ती म्हणायची. मी बसायचे. बसल्या बसल्या चादरीच्या सुरकुत्या काढायचे, तांब्यातलं पाणी बदलायचे, खिडकीची कडी घालायचे आणि काढायचे. शेवटी तीच म्हणायची, "जा बाई, जा तू बाहेर."

दिवाळी आटोपल्यावर ती मुंबईहून आली, एक अट घेऊनच. पायावर पाणी घ्यायच्या आधी, बॅगसुद्धा खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "आई, बाबा, आत्ताच सांगते. घरात बाळासाठी काही म्हणजे काही आणायचं नाही. टोपडं नाही, झबलं नाही, खुळखुळा नाही. शिवायचं नाही, विणायचं नाही. डोहाळजेवण तर नाहीच नाही. हातात येईल तेव्हा बघू." जावई तिच्या मागे उभे होते, ते दाराच्या चौकटीकडे बघत राहिले. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. याआधी दोनदा राहून दोनदा गेलं होतं. पहिल्या वेळी लवकरच. दुसऱ्या वेळी पाचवा उलटून गेला होता, आणि तिने हौसेने कपाटाचा एक खण भरून इवले इवले कपडे आणून ठेवले होते. दवाखान्यातून घरी गेल्यावर तो खण तिने स्वतःच्या हाताने रिकामा केला. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "तू बाहेर बस." बाहेर बसून मी खण ओढल्याचा आणि परत लावल्याचा आवाज ऐकला. तो मेला आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

तेव्हा अट बरोबरच होती. माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते माझ्या हातांचं.

आमच्या ह्यांची तर वेगळीच तऱ्हा. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच रस्त्याने जायचे, ग्रहणात पोरांना चहा-बिस्किटं खायला लावायचे. आणि आता? माझ्या मावसबहिणीने न राहवून एक लोकरीचं टोपडं विणून एसटीने पाठवलं, तर हे पुडकं न फोडता थेट आमच्या बागेतल्या खोपीत नेऊन ठेवून आले. मी म्हटलं, "अहो, टाकून तरी द्यायचं नाहीतर परत तरी करायचं." तर म्हणाले, "घरात आणायचं नाही असं ठरलंय. बाग म्हणजे काही घर नव्हे." विज्ञानाच्या मास्तरांचं हे असं. नियम पाळायचा, पण त्याला पळवाट कुठे आहे ते आधी शोधून ठेवायची.

त्यातून दिवस मोहोराचे. आमची कलमं थोडीच आहेत, पाली रस्त्याच्या आतल्या बाजूला, पण थोडी असली म्हणून काळजी थोडी नसते. या दिवसांत आमच्याकडे दोन माणसं भेटली की दुसरं बोलणं नाही. मोहोर कसा, तुडतुडा किती, फळ किती धरलं, गळ किती झाली. आणि आमच्या घरात 'गळ' हा शब्द बंद. कुणी बंद केला नव्हता, आपोआप झाला होता. कुणी कुंपणावरून ओरडलं, "काय मास्तर, यंदा गळ कितीशी?" की हे मोठ्याने म्हणायचे, "हवा बरी आहे, हवा बरी आहे!" विचारणारा बावचळून पुढे जायचा. मी मनातल्या मनात दुसराच हिशेब करत असायचे. आंबा वाटाण्याएवढा होतो, मग सुपारीएवढा, मग अंड्याएवढा. सुपारीचा झाला की माझे वडील म्हणायचे, आता थोडं बोलायला हरकत नाही. लेकीची सोनोग्राफी झाली की डॉक्टरीणबाई सेंटिमीटरांत सांगायच्या आणि मी घरी येईपर्यंत त्याचा आंबा करून ठेवलेला असायचा.

हात शिवशिवायला लागले ते तेव्हा. बाकीच्या आज्या अशा वेळी सुया घेतात. मला विणता येत नाही. मला ठोकता येतं.

आमच्या माहेरी बाग मोठी. तेव्हा आंबा लाकडी पेटीतून जायचा, हे पुठ्ठ्याचे खोके नंतर आले. हंगामाच्या आधी फळ्यांचे भारे यायचे आणि आम्ही सगळी भावंडं खळ्यात पेट्या ठोकायला बसायचो. भावांपेक्षा माझा हात साफ. खिळा दातात धरायचा, फळी गुडघ्याने दाबायची आणि दोन घावांत आत. वडील मागून फिरत असायचे. त्यांचं एकच सांगणं, "फट ठेव. करंगळी जाईल एवढी." फट नसली की आत आंबा उबतो, उबला की डागतो. पेटी ठोकून झाली की ते खाली वाकून प्रत्येक फटीत आपली करंगळी घालून बघायचे. अडली तर पेटी उकलायची. मी लहान होते तरी माझ्या पेट्या त्यांनी क्वचितच उकलल्या असतील. लग्न होऊन या घरी आले ती हातोडी घेऊन आले म्हटलं तरी चालेल. ह्यांना एक खिळा धड मारता येत नाही, अंगठ्यावर मारून घेतात. घरातले पाट, स्टुलं, कोंबड्यांचा खुराडा, सगळं माझ्या हातचं. पुढे रंधा घेतला, पटाशी घेतली. आलेगेले हसायचे, हसोत.

मागे एका वादळात घरामागचा जुना फणस आडवा झाला होता. त्याच्या फळ्या गिरणीतून कापून आणून आम्ही माळ्यावर टाकल्या होत्या. पिवळ्याधमक, चांगल्या वाळलेल्या. एका दुपारी लेकीचा डोळा लागलेला बघून मी माळ्यावर चढले आणि चार फळ्या खाली काढल्या.

काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं. एक पेटी. झाकणाची, बिजागरीची, आत दुपटी, टोपडी, लंगोट नीट घडी करून राहतील अशी. आमच्याकडे बाळंतविडा द्यायची पद्धत आहे, आईला आणि बाळाला कपडालत्ता, सुंठ, डिंक, काय काय. तो मी पिशवीत घालून देणार होते की काय माझ्या लेकीला? पेटीत घालून देणार होते. माप घ्यायला मी कपाटाच्या तळातून तिचंच लहानपणचं दुपटं काढलं. त्याला कुबट वास येत होता म्हणून दोन चादरींच्या मध्ये लपवून दोरीवर वाळत घातलं, आणि घडी करून टेपने मोजलं.

रंध्याचा पहिला हात फिरला आणि खोलीतून आवाज आला, "आई, काय करत्येस गो?"

"पेटी."

"कुणासाठी?"

आता? मी कुंपणापलीकडे बघितलं. शेजारणीच्या अंगणात पापड वाळत घातले होते. तिच्या मुलीचं लग्न फाल्गुनात, मुलगा दापोलीचा. माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेजारच्या मुलीला. रुखवतात ठेवायला. काहीतरी द्यायला नको का?"

खोलीत कूस बदलल्याचा आवाज झाला. मग, "बरं," एवढंच.

हे पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं. त्यांना कळलं. मग हळूच म्हणाले, "गरोदर बाई घरात असताना खिळा ठोकू नये म्हणतात."

माझं टाळकंच सरकलं. "तुम्ही म्हणताय हे? तुम्ही? आणि मग काय, शिंची पेटी डिंकाने चिकटवू?"

त्यांनी थोडा विचार केला. "ठोकू नये असं आहे. स्क्रू ठोकत नाहीत. पिळतात."

बघा म्हणजे झालं. पण मी ते ऐकलं. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असला की कुणाचंही ऐकतो. कोपऱ्यांना एकही खिळा वापरला नाही. हाताची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा खाचा दोन्ही फळ्यांना पाडायच्या, सरस लावायचा आणि एकीत दुसरी बसवायची. सांगायला सोपं. फणसाचं लाकूड तसं हाताशी गोडीने वागतं, पण माझा स्वभाव गोडीचा नाही. अर्ध्या सुताचा फरक राहिला की मी पटाशी जोरात मारायचे आणि खाचेचा कान उडवून बसायचे. उडाला की शिव्या. लाकडाला, पटाशीला, ह्यांना, आणि हे काही न बोलता मिरकरवाड्याला मासळी आणायला निघून जायचे. लेकीला ताजी मासळी पाहिजे म्हणून. खरं म्हणजे माझ्यापासून सुटका पाहिजे म्हणून.

काम करताना तरी मन थाऱ्यावर असेल असं वाटलं होतं. कसलं काय. ती कूस बदलताना हुं करायची आणि माझी करवत थांबायची. ती न्हाणीघरात गेली की दार उघडेपर्यंत मी श्वास रोखून. बाहेर आली की तोंड बघायचं, तिचं तोंड नेहमीसारखं दिसलं की परत करवत. कधी कधी वाटायचं, हे आपण कशासाठी करतोय? ही पेटी पण रिकामी करावी लागली तर? असं मनात आलं की आपोआप हात वेगात चालायचे. भीती वाटली की मला वेग येतो, काय करू.

तळाच्या पट्ट्या बसवल्या त्या दिवशी सकाळपासून तिचं पोट कडक होत होतं. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, पडून राहू दे. मी स्क्रू पिळत सुटले. एक पट्टी, दुसरी, तिसरी. सगळ्या संपल्या तेव्हा पेटी उचलून उभी केली तर ह्यांनी पलीकडून वाकून बघितलं. तळातून त्यांचा डोळा मला दिसला.

"आंबे भरायचे आहेत का यात?" हे म्हणाले.

मी बघतच राहिले. प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये फट. सगळ्या सारख्या. करंगळी घालून बघितली, बरोब्बर गेली. डोकं तिच्या पोटात अडकलेलं आणि हात मोकळे सुटलेले, ते आपले वडिलांच्या खळ्यात जाऊन बसले होते. हसावं की रडावं कळेना. कपड्यांची पेटी आणि तळाला फटी! झुरळं काय, मुंग्या काय, पावसाळ्यात ओल काय. सगळे स्क्रू उलटे पिळून काढले. एक पट्टी चिरली, ती नवी केली. या वेळी पट्टीला पट्टी अशी भिडवली की मध्ये कागद जायचा नाही. आतून पॉलिश पेपर मारला, बाहेरून जवसाचं तेल. फणस तेल प्यायला की कसला रंग येतो! मी ती पेटी पडवीत ठेवून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

लेक रोज विचारायची. "कुठवर आली?" "झाकण झालं?" "बिजागरी कसली लावतेस?" मला बरं वाटायचं. म्हटलं, हिला अजिबात कळलेलं नाही, आणि हिचा वेळही जातोय. ताकास तूर लागू दिली नाही म्हणून मी स्वतःवर खूश होते. पुढचं मनात ठरलेलंच होतं. लग्नाच्या वेळी शेजारणीला बाजारातून एखादा तांब्याचा हंडा द्यायचा, पेटी माळ्यावर चादरीखाली लपवायची, आणि बाळ हातात आलं की काढायची.

आणि एका सकाळी शेजारीण डबाभर लाडू घेऊन दारात.

"काय हो वहिनी, केवढं मोठं मन तुमचं! स्वतःच्या हाताने पेटी करताय आमच्या पोरीला आणि मला पत्ता नाही? तुमच्या बायने सांगितलं काल खिडकीतून. म्हणाली, आईने फार जीव लावून केलीय, बघून तरी या. बघू, बघू कुठाय?"

पेटी पडवीतच होती. ती तिच्यापुढे बसली, झाकण उघडलं, आत हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दापोलीचे लोक बघतच राहतील!"  मी लाडवांचा डबा आत ठेवायला वळले. हे पेपरात तोंड घालून बसलेले, पण पेपर हलत होता. हसत होते! शेजारीण गेल्यावर मी त्यांच्यावर अशी तुटून पडले की विचारू नका. "हसा! आणखी हसा! माझी महिन्याची मेहनत! आणि ती पोरगी त्यात लिपस्टिका ठेवील!"

ते म्हणाले, "मग नको देऊ. सांग, खोटं बोलले म्हणून."

"कुणाला सांगू? शेजारणीला सांगितलं की लेकीला कळणार. लेकीला कळलं की..."  ते उठले आणि चहा टाकायला गेले.

लेकीलाही फणकाऱ्याने विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं तिला आधीच सांगायला?" ती म्हणाली, "सहज बोलून गेले. का, द्यायचीच होती ना?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हो, हो, द्यायचीच होती," आणि तांब्यातलं पाणी बदलायला गेले.

दिली. रिकामी देऊ नये म्हणून आत तांदूळ आणि नारळ घातला. शेजारणीच्या दिराने पेटी डोक्यावर घेतली आणि ती फाटकातून बाहेर गेली. माझ्या पोटातलं काहीतरी ओढून नेल्यासारखं वाटलं. खिडकीतून लेक बघत होती. मला वाटलं, ती तरी हळहळेल. तर बाईसाहेबांनी संध्याकाळी कितीतरी दिवसांनी भाकरी मागून घेतली, आणि सौंदाळे माशांचं कालवण भुरकून जेवली. मी आपला भात चिवडत होते. एवढी कसली खुशी हिला, असं मनात येऊन गेलं, आणि मला माझाच राग आला.

लग्नाला मी गेले, जाणं भाग होतं. रुखवताच्या टेबलावर, साखरेच्या देवळाशेजारी माझी पेटी. येणारा प्रत्येक जण झाकण उघडून बघत होता. एका बाईने तर नखाने खरवडून बघितलं, खरं लाकूड आहे का म्हणून. मी तिला काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. घरून. एवढंच म्हणाले, "ये."

जरीचं लुगडं, नाकात नथ, तशीच धावत घरी. लेक पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हातांनी पोट धरून. अजून दीड-दोन महिने होते. रिक्षात तिने माझा हात असा आवळला की बांगडी फुटली. सगळा रस्ता ती एक शब्द बोलली नाही. मी बोलत होते. काय बोलत होते देव जाणे. बहुतेक रिक्षावाल्याला शिव्या देत होते, खड्ड्यांवरून.

मुलगी झाली, त्याच संध्याकाळी. रडली, पण अगदी बारीक. तिला लगेच काचेत ठेवलं. मला दाराच्या गोल भिंगातून दाखवलं. नळ्या, पट्ट्या, आणि मध्ये एवढंसं लाल लाल. डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत. काही दिवस बघू." बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.

ते दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. दवाखान्याच्या त्या बोळात मी येरझाऱ्या घालायचे. सिस्टर म्हणायच्या, "आजी, एका जागी बसा हो, लादी झिजेल."  आजी म्हणू नका एवढ्यात, असं सांगावंसं वाटायचं. जावई मुंबईहून आले होते, ते बाकड्यावर बसून मोबाईलची काच पुसत राहायचे. हे दोन्ही वेळा डबा घेऊन यायचे आणि रात्रीला घरी परत. दूध लोकांच्या मुलांसाठी यायचं, कपडे यायचे, पेढे यायचे. आमच्याकडे काही नाही. बाळाला लागणारं सगळं दवाखान्याचंच. लेक दर थोड्या वेळाने आत जायची, काचेपाशी उभी राहायची, बाहेर यायची. रडायची नाही, बोलायची नाही, फोटो काढायची नाही. नातेवाइकांचे फोन आले की मला द्यायची. मुलीला ती काही नावाने, लाडानेसुद्धा हाक मारत नव्हती. 'ती' म्हणायची. "ती आज दूध प्यायली." "तिचं वजन घटलं." मला वाटायचं तिला गच्च धरून हलवावं, रड म्हणावं बाई, ओरड, माझ्यासारखी कर. पण तिने हात लावू दिला असता तर ना.

मग एक दुपार आली. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझी पाचावर धारण बसली. मी दाराच्या भिंगाला नाक लावलं, तर ती पाठमोरी, काचेला असलेल्या त्या गोल खिडकीतून तिचा हात आत गेलेला. हलत नव्हती. सिस्टर शेजारी उभी होती. मला काही दिसेना. मी दारावर थाप मारणार होते, पण मारली नाही. कशी मारली नाही ते मलाच ठाऊक.

ती बाहेर आली. बाकड्यावर माझ्याजवळ बसली. आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याकडे बघत राहिली.

"आज हात लावू दिला," ती म्हणाली. "तिने माझी करंगळी धरली. सोडेच ना. सिस्टरने सोडवली."

मी वाकून तिची ती करंगळी बघितली. 

"आई, फळ्या उरल्यात का गो?"

"कसल्या फळ्या?"

"फणसाच्या."

"का?"

"आता कर."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "माझं दुपटं दोरीवर वाळत होतं. दोन चादरींच्या मध्ये. तुला वाटलं मला दिसणार नाही. मला त्या खिडकीतून दुसरं दिसतं तरी काय, तुझी दोरीच दिसते. पहिल्याच दिवशी कळलं मला. रोज तुझा रंधा ऐकायचे आणि रोज तो खण आठवायचा. वाटायचं, पेटी पुरी झाली आणि ती रिकामीच राहिली तर मी काय करीन? तुला थांब म्हणवेना, तुझे हात थांबले असते तर तू वेडी झाली असतीस. म्हणून शेजारच्या काकूंना सांगून टाकलं. रागावलीस ना?"

"रागावले? तुझा गळा दाबायचा तेवढा बाकी होता!" मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. भर बोळात, नाक पुसायला पदर पुरेना. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. उलटंच सगळं, ओली बाळंतीण आईला समजावत होती. जरा दम खाऊन मी म्हटलं, "पण डॉक्टर अजून काही बोलले नाहीत गो. अजून काय ते नक्की..."

"ते बोलतील तेव्हा बोलतील. तू कर. आणि तळाला फटी ठेव, पहिल्यांदा ठेवल्या होत्यास तशा. बाबांनी सांगितलं मला. हवा खेळू दे आत."

"केवढी ठेवू?" मी विचारलं. मी, ज्या बाईने असल्या शेकडो ठोकल्या, ती विचारत होते.

तिने मला करंगळी दाखवली.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर आले आणि ह्यांना फोन लावला. आवाज ताळ्यावर नव्हताच. "अहो, ऐका, माळ्यावर चढा. जपून चढा, गुडघे सांभाळा. फणसाच्या उरलेल्या फळ्या खाली काढा. आणि काटकोन बघायचा गुण्या कुठे टाकलाय तो शोधून ठेवा, मी संध्याकाळी येते घरी."

"फळ्या खालीच आहेत," हे म्हणाले.

"खाली? कुणी काढल्या?"

"मी. तुम्ही रिक्षात बसून गेलात, त्याच संध्याकाळी. मुलगी झाली असा फोन आला आणि लगेच काढल्या. थोडा रंधाही मारलाय. काही फार जमलेला नाही."

मला क्षणभर खरंच वाटेना. हा माणूस, टोपड्याचं पुडकं उंबऱ्याच्या आत न घेणारा, एकटा घरात रोज त्या फळ्यांवर रंधा मारत बसला होता आणि डबा घेऊन येताना एक अक्षर बोलला नव्हता. मी ओरडले, "अहो, पण ठरलं होतं ना आपलं? हातात येईपर्यंत काही नाही म्हणून?"

 मग घसा खाकरून ते म्हणाले, "घरात काही आणायचं नाही, असं ठरलं होतं. फळ्या घरातल्याच होत्या."